मुलाचा हक्क आणि उत्पन्नाची अट

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ज्या अवाढव्य करकायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात मुले असलेल्या कुटुंबांना मिळणारी वार्षिक करसूट दर मुलामागे २,००० डॉलरवरून २,२०० डॉलर करण्यात आली. कुटुंबसंस्थेचा गौरव करणारा कायदा म्हणून सत्ताधारी पक्षाने त्याचा डांगोरा पिटला. तिकडच्या वृत्तपत्रांनी दोनशे डॉलरच्या वाढीवर स्तंभच्या स्तंभ खर्ची घातले. परंतु ज्या दीड कोटीहून अधिक मुलांना या सवलतीचा पूर्ण लाभ पूर्वीही मिळत नव्हता आणि आताही मिळणार नाही, त्यांच्याविषयी या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. ही मुले श्रीमंतांची नाहीत. त्यांच्या आईबापांची मिळकत अपुरी आहे, म्हणून ती वगळली गेली आहेत.

सवलत गरिबाला नाकारायची आणि सधनाला द्यायची, हा उलटा न्याय एका प्रगत लोकशाही देशाच्या कायद्यात कसा येऊन बसला, याची चिकित्सा आपल्या कार्यकर्त्यांनी करावयास हवी. अमेरिकेच्या अंतर्गत कारभाराशी आपणांस काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. परंतु 'उत्पन्नाची अट' ही कल्पना आज जगभर सामाजिक धोरणाचा पाया बनली आहे, आणि दुर्दैवाची गोष्ट अशी, की ती पुरोगामी आहे असा समज खुद्द डाव्या चळवळीतही रुजलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सवलतीचे गणित

प्रथम या व्यवस्थेची रचना समजावून घेऊ. आपल्याकडील वजावट उत्पन्नातून होते. अमेरिकेतील ही बालक-करसूट भरावयाच्या करातून थेट वजा होते. एखाद्या कुटुंबाचा कर ६,००० डॉलर असेल आणि सतरा वर्षांखालील दोन मुले असतील, तर ४,४०० डॉलर वजा होऊन कर १,६०० डॉलर उरतो. येथवर सारे सरळ आहे. ज्याच्यावर मुळात करच बसत नाही, त्याचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न. अशा कुटुंबाला सूट रोख परताव्याच्या रूपाने मिळू शकते, परंतु त्यावर दोन बंधने आहेत. पहिले बंधन असे, की वर्षातील कमाईचे पहिले २,५०० डॉलर हिशेबात धरले जात नाहीत आणि त्यापुढील कमाईच्या १५ टक्के एवढाच परतावा मिळतो. दुसरे बंधन असे, की २०२५ सालासाठी हा परतावा दर मुलामागे १,७०० डॉलरच्या वर जात नाही.

वरच्या बाजूलाही एक मर्यादा आहे. एकट्या पालकाचे उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर किंवा एकत्र विवरण भरणाऱ्या पतिपत्नींचे उत्पन्न ४ लाख डॉलरच्या वर गेले, की पुढील दर हजार डॉलरमागे सूट ५० डॉलरनी कमी होत जाते.

आता दोन कुटुंबे शेजारी शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेतील संघराज्यीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. जुलै २००९ पासून ते एका सेंटनेही वाढलेले नाही. या दराने वर्षभर, आठवड्याला चाळीस तास, एकही खाडा न करता राबणाऱ्या स्त्रीची कमाई होते १५,०८० डॉलर. तिला दोन मुले आहेत असे धरा. २,५०० वजा जाता १२,५८० उरतात आणि त्याचे १५ टक्के म्हणजे १,८८७ डॉलर. दोन मुलांमागे तिला मिळणारी रक्कम एवढीच. दुसरे कुटुंब वर्षाला साडेचार लाख डॉलर मिळविणाऱ्या दांपत्याचे. त्यांनाही दोन मुले. ४,४०० डॉलरच्या सुटीतून, चार लाखांवरील पन्नास हजारांसाठी २,५०० डॉलर वजा होतात आणि १,९०० डॉलर उरतात. म्हणजे मोलमजुरी करणाऱ्या आईच्या जवळजवळ तीसपट मिळकत असलेल्या दांपत्याला तिच्यापेक्षा तेरा डॉलर जास्तच मिळतात! आणि ते दांपत्य चार लाखांच्या आत असते, तर त्याला पूर्ण ४,४०० डॉलर मिळाले असते.

याच आईला पूर्ण सूट मिळावयाची असेल, तर तिने वर्षाला सुमारे ३३,६०० डॉलर मिळवावयास हवेत. किमान वेतनावर याचा अर्थ होतो दोन पूर्ण वेळच्या नोकऱ्या आणि वर आणखी काही तास. तिची कमाई १०,००० डॉलर असेल, तर तिला १,१२५ डॉलर मिळतील, मग मूल एक असो की तीन. गरिबाच्या दुसऱ्या व तिसऱ्या मुलाला या कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही. आणि आजारपणामुळे, अपंगत्वामुळे वा तान्ह्या मुलामुळे जिला वर्षभर काहीच मिळविता आले नाही, तिला, किंवा नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्ध आजीला, एक सेंटही मिळत नाही. वगळल्या गेलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असावे, हे ओघानेच आले.

ही रचना कोणाची?

हा प्रकार नजरचुकीने झालेला नाही. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय बाल आयोगाने, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जे रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखाली, एक स्वच्छ शिफारस केली होती. प्रत्येक मुलामागे १,००० डॉलर द्यावेत आणि कर बसत नसेल त्या कुटुंबाला ते रोख द्यावेत, असे आयोगाचे म्हणणे होते. ही शिफारस धूळ खात पडली. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने मतदारांशी केलेल्या आपल्या 'करारा'त मुलामागे ५०० डॉलरच्या सवलतीचे वचन दिले, परंतु ते वचन करदात्याला दिलेले होते. मूल हे केवळ निमित्त होते. १९९७ साली क्लिंटन यांच्या कारकीर्दीत कायदा झाला तो याच मुशीतून. १९९८ सालासाठी ४०० डॉलर आणि १९९९ पासून ५०० डॉलर अशी सूट ठरली, आणि बहुसंख्य गरीब कुटुंबे तिच्या कक्षेबाहेर राहिली.

पुढील वीस वर्षांत दोन्ही मर्यादा कशा सरकल्या, ते पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या कायद्यात पतिपत्नींसाठी वरची मर्यादा १ लाख १० हजार डॉलर होती. २०१७ च्या करकायद्याने ती एका फटक्यात ४ लाखांवर नेली. खालच्या बाजूची कथा मात्र संथ आणि केविलवाणी आहे. २००१ मध्ये प्रथमच १०,००० डॉलरवरील कमाईच्या १० टक्के परतावा मान्य झाला, नंतर तो १५ टक्के झाला, २००९ च्या मंदीत १०,००० चा उंबरठा ३,००० वर आला आणि २०१७ मध्ये २,५०० वर. त्याच २०१७ च्या कायद्याने सूट हजाराची दोन हजार करताना परताव्यावर मात्र १,४०० डॉलरचे झाकण बसविले. श्रीमंतासाठी छत उंच करावयाचे आणि गरिबासाठी उंबरठा इंच-इंच उतरवावयाचा, अशी ही 'सुधारणा' आहे. २०२५ च्या कायद्याने ती कायम करून टाकली.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजवादी विचारवंताने १९५५ सालीच दाखवून दिले होते, की कल्याणकारी खर्च म्हणून ज्याची चर्चा होते, तो केवळ गरिबांवरचा खर्च असतो, आणि करसवलतींच्या मार्गाने सधनांना मिळणारे कल्याण मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. अमेरिकेच्या अर्थखात्यातील अधिकारी स्टॅन्ले सरी यांनी १९६७ मध्ये अशा सवलतींना 'करखर्च' हे नाव देऊन त्यांचा हिशेब मांडावयास सुरुवात केली. सरकारने घेतलेला नाही असा कर म्हणजे सरकारने केलेला खर्चच. हे एकदा मान्य केले, की साडेचार लाख मिळविणाऱ्या दांपत्याला दिलेले १,९०० डॉलर आणि मजूर आईला दिलेले १,८८७ डॉलर हे एकाच तिजोरीतून दिलेले एकाच जातीचे अनुदान ठरते. परंतु व्यवहारात पहिल्याला 'करदात्याला दिलासा' म्हणतात आणि दुसरे घेणाऱ्या आईला 'ऐतखाऊ' म्हणून हिणवितात.

सहा महिन्यांचा प्रयोग

या रचनेला पर्याय नाही, असे म्हणण्याची सोय २०२१ नंतर कोणाला उरलेली नाही. महासाथीच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, बायडेन सरकारने एका वर्षापुरता कायदा बदलला. सहा वर्षांखालील मुलाला ३,६०० आणि त्यावरील मुलाला ३,००० डॉलर अशी रक्कम झाली. कमाईची अट पूर्णपणे काढून टाकण्यात आली. शून्य कमाईच्या घरालाही पूर्ण रक्कम मिळू लागली. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत निम्मी रक्कम दरमहा ३०० किंवा २५० डॉलर अशी थेट खात्यात जमा झाली. सुमारे सहा कोटी मुलांपर्यंत हा पैसा पोहोचला.

परिणाम काय झाला? अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्याचे प्रमाण २०२० मध्ये ९.७ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. ही तेथील आजवरची नीचांकी नोंद होय. त्याच खात्याच्या हिशेबाप्रमाणे एकट्या या करसुटीने त्या वर्षी सुमारे २९ लाख मुलांना दारिद्र्यरेषेच्या वर आणले. वर्ष संपले, जुनी अट परत आली, आणि २०२२ मध्ये प्रमाण १२.४ टक्के झाले. २०२३ मध्ये ते १३.७ टक्क्यांवर गेले. ३८ लाख गरीब मुलांची संख्या एका वर्षात ९० लाखांच्या घरात गेली. महासाथीतील इतर मदतही त्या काळात थांबली आणि महागाईही वाढली, हे खरे. सारा बोजा एका कारणावर टाकणे योग्य होणार नाही. पण दारिद्र्य हे निसर्गाचे किंवा गरिबांच्या स्वभावाचे फळ नसून कायद्यातील एका कलमाने ते कमी-अधिक होऊ शकते, याहून स्पष्ट पुरावा समाजशास्त्रात क्वचितच मिळतो.

हा प्रयोग पुढे चालू ठेवण्याचे विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका सदस्याने, जो मँचिन यांनी, डिसेंबरमध्ये पाठिंबा नाकारला आणि ते कोसळले. मँचिन कामाच्या अटीसाठी आग्रही होते. इतिहासाचा क्रूर विनोद असा, की मँचिनही वेस्ट व्हर्जिनियाचेच. तीस वर्षांपूर्वी ज्या गरीब, खाणकामगारांच्या राज्याच्या सिनेटरने सर्व मुलांसाठी हक्काची रक्कम मागितली, त्याच राज्याच्या सिनेटरने ती बंद पाडली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये अगदी माफक दुरुस्तीचे एक विधेयक प्रतिनिधिगृहाने ३५७ विरुद्ध ७० अशा प्रचंड बहुमताने संमत केले. गरिबाच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाचीही गणना व्हावी, एवढीच त्यातील मुख्य मागणी. १ ऑगस्ट २०२४ रोजी सिनेटमध्ये तेही अडले.

कामाची अट की शिक्षा?

कमाईच्या अटीचे समर्थन असे केले जाते, की बिनाअट पैसा मिळाला तर आईबाप काम सोडतील. २०२१ च्या अनुभवावर झालेल्या बहुतेक अभ्यासांत पालकांनी मोठ्या प्रमाणावर काम सोडल्याचे आढळले नाही. पण हा मुद्दा आकडेवारीवर सोडून देण्याचा नाही. साडेचार लाख मिळविणाऱ्या दांपत्यापैकी एकजण केवळ शेअर आणि घरभाड्यावर जगत असेल, तर त्याला कोणी कामाचे प्रमाणपत्र मागत नाही. तान्ह्या मुलाला सांभाळणे हे सधन घरात मातृत्व असते आणि गरीब घरात बेकारी ठरते. शिवाय शिक्षा कोणाला होते? चार वर्षांच्या मुलाला. आईने काम केले की नाही यावर त्याच्या दुधाचे मोजमाप करणारा कायदा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या दरिद्रगृहांचा सख्खा भाऊ शोभेल.

यात आपल्या माणसांचाही प्रश्न गुंतलेला आहे. २०१७ च्या कायद्याने मुलाला नोकरीस पात्र असा सामाजिक सुरक्षा क्रमांक असण्याची अट घातली. पुण्या-मुंबईहून तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर गेलेल्या अभियंत्याचे, भारतात जन्मलेले मूल पालकावर अवलंबून असलेल्यांच्या परवान्यावर तेथे राहते, त्याला हा क्रमांक मिळत नाही. बाप तेथे पूर्ण कर भरतो, पण मुलासाठी त्याला केवळ ५०० डॉलरची दुय्यम सूट मिळते. २०२५ च्या कायद्याने पालकांपैकी निदान एकालाही असाच क्रमांक असावा, अशी भर घातली. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेची नागरिक असलेली, पण कागदपत्रे नसलेल्या मजुरांच्या पोटी आलेली मुलेही बाहेर फेकली गेली. उत्पन्नाच्या अटीने एकदा दार किलकिले केले, की तिच्यामागून वंश, जन्मस्थान आणि कागदपत्रांच्या अटी आत येतात.

'श्रीमंतांना कशाला द्यावयाचे?'

आता आपल्या मित्रांच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतील, खालची अट अन्यायाची आहे हे मान्य. परंतु वरची मर्यादा तर हवीच ना? श्रीमंताच्या मुलाला सरकारी पैसा देणे हा कसला समाजवाद? उलट चार लाखांची मर्यादा पन्नास हजारांवर आणा आणि वाचलेला पैसा गरिबांना द्या. हा युक्तिवाद भावनेला पटणारा आहे. तो टिकणारा का नाही, याची चार कारणे मी देतो.

पहिले कारण करशास्त्राचे. ज्या दोन कुटुंबांचे उत्पन्न समान आहे, पण एकाला मुले आहेत आणि दुसऱ्याला नाहीत, त्यांची कर भरण्याची ताकद समान नसते. मुलाचा सांभाळ हा समाजाच्या उद्याच्या श्रमशक्तीचा आणि नागरिकत्वाचा सांभाळ आहे. तेव्हा मुलांसाठी दिलेल्या रकमेवर वरची मर्यादा घालून गरीब मुलांचा खर्च भागविला, की तो खर्च कोणाकडून वसूल होतो? मुले असलेल्या सधनांकडून. मुले नसलेला कोट्यधीश त्यातून अलगद सुटतो. तोच पैसा सर्व मुलांना देऊन चढत्या प्राप्तिकरातून वसूल केला, तर सर्व श्रीमंतांना आपला वाटा उचलावा लागतो. श्रीमंताकडून घ्यावयाचे ते कराच्या खिडकीवर, मुलाच्या खिडकीवर नव्हे. एका हाताने तीनशे देऊन दुसऱ्या हाताने कराचे पाचशे घेतले, तर श्रीमंताला सवलत दिली असे कोण म्हणेल?

दुसरे कारण राबणाऱ्या माणसाचे. सवलत जसजशी काढून घेतली जाते, तसतसा वाढत्या कमाईवर एक छुपा कर बसतो. ब्रिटनमध्ये फ्रँक फील्ड आणि डेव्हिड पियाशो यांनी १९७१ मध्ये यालाच 'दारिद्र्याचा सापळा' म्हटले. अमेरिकेत कमी वेतनाच्या कुटुंबांना मिळणारी, १९७५ पासून चालत आलेली दुसरी एक करसूट दोन मुलांच्या कुटुंबाकडून ठरावीक उत्पन्नानंतर डॉलरमागे २१ सेंट या दराने काढून घेतली जाते. तिच्या जोडीला प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी आणि अन्नसाहाय्यातील कपात आली, की जादा काम करून मिळविलेल्या डॉलरचा मोठा हिस्सा हातातून निसटतो. मर्यादा जितकी खाली आणाल, तितका हा सापळा कष्टकऱ्याच्या जवळ येईल. गरिबांना आळशी म्हणणारेच ही व्यवस्था उभारतात, यातील दांभिकता निराळी सांगावयास नको.

तिसरे कारण कारभाराचे. उत्पन्न ही गोष्ट वर्ष संपल्यावर कळते, पण मुलाला भूक रोज लागते. २००३ मध्ये गॉर्डन ब्राउन यांनी ब्रिटनमध्ये उत्पन्नाशी जोडलेली बालक-करसूट आणली. पहिल्याच वर्षी सुमारे दोन अब्ज पौंड 'जादा' दिले गेल्याचे निष्पन्न झाले आणि लाखो गरीब कुटुंबांच्या मागे वसुलीचा ससेमिरा लागला. त्या पैशाचे कपडे आणि धान्य कधीच झालेले होते. नेदरलँड्समध्ये तर याहून भयंकर घडले. तेथे पाळणाघराचे उत्पन्नाशी निगडित अनुदान करखात्यामार्फत दिले जाते. कागदातील क्षुल्लक चुकांवरून हजारो पालकांना, विशेषतः स्थलांतरितांना, लबाड ठरवून संपूर्ण रकमा परत मागण्यात आल्या. संसार मोडले, घरे गेली. जानेवारी २०२१ मध्ये रुटे यांच्या मंत्रिमंडळाला या प्रकरणी राजीनामा द्यावा लागला. अधिकारी दुष्ट होते, एवढ्याने याचे स्पष्टीकरण होत नाही. प्रत्येक अर्जदाराला संशयित मानल्याखेरीज उत्पन्नाची अट राबविताच येत नाही.

चौथे कारण राजकारणाचे, आणि कार्यकर्त्यांच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ मध्ये आपल्या ग्रंथातून मांडलेली मागणी ब्रिटनमध्ये १९४५ च्या कायद्याने अंशतः मान्य झाली, आणि १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे भत्ता मिळू लागला. तरीही कर भरणाऱ्या बापाला मुलांसाठीची वजावट वेगळी मिळतच होती, आणि ज्याचा कर जास्त त्याचा फायदा जास्त. मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल यांनी १९७५ च्या कायद्याने दोन्ही व्यवस्था मोडून एकच सार्वत्रिक बालभत्ता केला. तो पहिल्या मुलापासून, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, आणि आईच्या हातात द्यावयाचा होता. १९७६ मध्ये मजूर पक्षाच्याच मंत्रिमंडळाने कच खाल्ली. मंत्रिमंडळाचे गुप्त कागद फ्रँक फील्ड यांनी प्रसिद्धीस आणले, कामगार संघटना आणि स्त्रियांच्या संघटना उठल्या, आणि १९७७ पासून भत्ता लागू झाला. पुढे थॅचरबाईंच्या अकरा वर्षांत तो गोठविला गेला, पण मोडला गेला नाही. कारण तो प्रत्येक आईचा होता.

तो दुभंगला जानेवारी २०१३ मध्ये, आणि तोही 'श्रीमंतांना कशाला' याच घोषणेने. पालकांपैकी एकाचे उत्पन्न ५०,००० पौंडांच्या वर गेले की भत्ता कराच्या रूपाने परत घ्यावयाचा आणि ६०,००० ला तो पूर्ण संपवावयाचा, असे ठरले. परिणाम असा, की प्रत्येकी ४९,००० मिळविणाऱ्या दांपत्याला पूर्ण भत्ता, आणि एकटीच्या ६०,००० वर मुले वाढविणाऱ्या आईला शून्य! शिवाय ही मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ६०,००० ते ८०,००० अशी होईपर्यंत अकरा वर्षे जागची हलली नाही. वेतने महागाईने फुगत गेली आणि ज्यांना कोणी श्रीमंत म्हणणार नाही, अशी कुटुंबे दरवर्षी जाळ्यात येत गेली. वॉल्टर कोर्पी आणि योकिम पाल्मे या स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये अनेक देशांची तुलना करून हेच दाखविले, की केवळ गरिबांसाठी राखलेल्या योजनांपेक्षा सर्वांसाठीच्या योजनांनी विषमता अधिक कमी होते, कारण अशा योजनांच्या मागे मध्यमवर्गाची राजकीय ताकद उभी राहते. केवळ गरिबांसाठी असलेली योजना अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १९९७ मध्ये केंद्र सरकारने सार्वत्रिक रेशन मोडून 'लक्ष्यित' रेशन आणले, आणि १९९९ पासून आपल्याकडे पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या शिधापत्रिकांची वर्णव्यवस्था सुरू झाली. पुढे अन्नसुरक्षा कायदा राबविताना राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरविली. ग्रामीण कुटुंबाला महिन्याला ३,६६७ रुपये! या मर्यादेत प्रामाणिकपणे बसणारे कुटुंब तग धरून आहे, हेच आश्चर्य. तामिळनाडूने मात्र सार्वत्रिक रेशन सोडले नाही, आणि तेथे कोणत्याही पक्षाची त्याला हात लावण्याची छाती होत नाही.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची कौटुंबिक मर्यादा आहे. निवडणुकीपूर्वी अर्ज डोळे मिटून मंजूर झाले आणि निवडणूक पार पडल्यावर, २०२५ मध्ये, छाननीचा बडगा निघून लाखो नावे थांबविली गेली. उत्पन्नाची अट ही सत्ताधाऱ्यांच्या हातातील अशी दोरी आहे, की मते हवी असतील तेव्हा ती सैल सोडता येते आणि तिजोरी रिकामी झाली की आवळता येते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसलेल्या आपल्या राज्यात बड्या बागायतदाराला तहसील कचेरीतून हवा तो दाखला मिळतो. ऊसतोड मजुराची बायको मात्र त्याच कचेरीच्या पायरीवर दिवसाची मजुरी बुडवून बसते. याउलट आपली रोजगार हमी योजना आठवा. १९७७ च्या त्या कायद्यात उत्पन्नाचा दाखला नव्हता. जो काम मागेल त्याला काम. म्हणूनच ती हक्काची लढाई होऊ शकली आणि दुष्काळी भागातील स्त्रिया मोर्चे घेऊन तहसिलीवर जाऊ शकल्या.

यावर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारला जावयासही हवा. सार्वत्रिक योजना खर्चिक असते. ती चढत्या, कडक प्राप्तिकराखेरीज आणि संपत्तीवरील कराखेरीज उभी राहू शकत नाही. जो पक्ष हा कर मागण्यास कचरतो, त्याला सार्वत्रिकतेची भाषा बोलण्याचा अधिकार नाही. मात्र जो पक्ष कर मागण्याची हिंमत नसल्यामुळे उत्पन्नाच्या अटीआड लपतो आणि त्यालाच काटकसर म्हणतो, त्याने आपल्याला समाजवादी म्हणवून घेऊ नये.

म्हणून कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे आहे, की यापुढे कोणतीही योजना पुढ्यात आली, मग ती वॉशिंग्टनची असो, लंडनची असो की मंत्रालयाची, तर तीन प्रश्न विचारा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला ती पूर्ण मिळते काय? ती मिळविण्यासाठी आईला आपले दारिद्र्य कोणापुढे सिद्ध करावे लागते काय? आणि श्रीमंताचा वाटा करातून वसूल होतो आहे, की मुलांना वगळून? या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे प्रतिकूल येतील, तेथे मर्यादा हजार-दोन हजारांनी वाढवून मागण्याच्या निवेदनांत आपली शक्ती दवडू नये. अटच काढून टाकण्याची मागणी करावी, आणि तिच्या जोडीला, त्याच सभेत, त्याच व्यासपीठावरून, सधनांवरील कराची मागणी करावी. दुसऱ्या मागणीने आपले काही हितचिंतक नाराज होतील. त्यांना होऊ द्यावे.